सावरदरा तांड्याच्या पाटीसाठी

"आता पाट्या लावायला घराची बाहेरची बाजूच तेवढी उरली आहे," असं नवरोबांनी जाहीर केलं, त्याच संध्याकाळी मी यवतमाळसाठी बॅग भरायला घेतली.

ब्लॉगवर नव्याने आलेल्यांसाठी सांगते, मी बसच्या जुन्या पाट्या जमवते. सुरुवात नागपुरातल्या शहर बसच्या थांब्यावरच्या आकड्याच्या पाटीने झाली. भंगारवाल्याच्या गाड्यावर ती दिसली आणि मी भाजी राहू दिली, पाटी घेऊन घरी आले. मग एसटीच्या पुढच्या काचेखाली लावायच्या, गावांची नावं रंगवलेल्या पत्र्याच्या पाट्यांचं वेड लागलं. हल्ली गाड्यांवर दिव्यांची अक्षरं सरकतात. ती काही घरी आणता येत नाहीत.

या वेळी एका वाचकाने फोटो पाठवला होता. महागाव तालुक्यातल्या सावरदरा तांड्यावर एका घराच्या ओसरीत टांगलेली पांढरी पाटी, एका बाजूला 'महागाव', दुसऱ्या बाजूला 'सावरदरा तांडा'. एका बंजारा तांड्याचं नाव असलेली एसटीची पाटी! घरमालक परसराम आडे यांना फोन लावला.

"हाव जी, या न. घेऊन जा पाटी," ते म्हणाले. "पण या रविवारीच या."

रविवारच का, हे विचारायचं मला सुचलं नाही. पाटी मिळतेय म्हटलं की माझी अक्कल गहाण पडते.

शनिवारी सकाळी नागपूरहून एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे खिशाला तोशीस नाही, आणि आधी स्टँडवर पोचलात तर खिडकीही मिळते. वाटेत वर्ध्याला माझे धाकटे दीर राहतात. पण त्यांचं आणि नवरोबांचं गेली दोन वर्षं बोलणं नाही, त्यामुळे चहाला उतरायचा प्रश्न नव्हता. कारण इतकं क्षुल्लक आहे की इथे लिहायची लाज वाटते.

यवतमाळला उतरून दुपारी बाभुळगावला जाऊन आले. तिथे एका बाईंच्या खुराड्याचं दार म्हणजे चक्क 'धामणगाव'ची पाटी होती. "घेऊन जासान, पण माह्या कोंबड्यायले काय लावू मंग?" असा रास्त प्रश्न आला. प्लायवूडचा तुकडा आणि दोन बिजागऱ्या आणून दिल्या, तेव्हा व्यवहार झाला. पाटी घासून धुतली तरी वास गेला नाही. मुक्काम यवतमाळला स्टँडजवळच्या लॉजवर केला. उन्हाळ्यात जाणार असाल तर खोली घेण्याआधी कूलर चालवून बघा, नुसता बघू नका.

रविवारी आर्णीवरून महागाव. रस्ता छान आहे. शेतं मोकळी, बांधांवर कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीचे ढीग, होळी होऊन गेली तरी पळस अजून थोडा फुललेला. महागावला स्टँडसमोर गरम आलुबोंडा आणि तळलेली मिरची खाल्ली, तिथून काळीपिवळी जीपने फाट्यापर्यंत गेले. पुढे ती जात नाही. परसरामभाऊ मोटरसायकल घेऊन फाट्यावर उभे होते. साठीचे, उंच, डोक्याला पांढरा रुमाल.

तांडा टेकडीच्या पोटाशी आहे. सिमेंटची घरं, मधोमध सेवालाल महाराजांचा पांढरा झेंडा. ओसरीत पाऊल टाकल्याबरोबर मी भिंतीकडे पाहिलं. खुंटी रिकामी होती!

"पाटी कुठे आहे?"

"येऊन राह्यली," एवढंच बोलून भाऊ बाहेर गेले आणि रस्त्याकडे तोंड करून लिंबाखाली उभे राहिले.

मी चिडलेच. इतक्या लांब बोलावून हे काय? त्यांच्या पत्नी कमलाबाईंनी मला स्वयंपाकघरात नेलं, ज्वारीची भाकर आणि कढी पुढ्यात ठेवली आणि भाकऱ्या थापता थापता सगळं सांगितलं.

पूर्वी तांड्यावर मुक्कामी गाडी यायची. रात्री इथे थांबायची, सकाळी महागावला परत. लग्न झालेली पोरगी त्याच सकाळच्या गाडीने सासरी जायची, तेव्हा पाटीवर 'महागाव' असायचं. पहिल्यांदा माहेरी यायची ती संध्याकाळच्या गाडीने, 'सावरदरा तांडा' वाचत. पुढे गाडी बंद झाली. शेवटच्या फेरीच्या ड्रायव्हरने पाटी तांड्यालाच देऊन टाकली. तेव्हापासून नवरीच्या जीपला पुढे पाटी बांधतात, 'महागाव'ची बाजू समोर. पाटी तिच्याबरोबर सासरी राहते. पहिल्यांदा माहेरी येताना ती पाटी उलटवून, 'सावरदरा तांडा' समोर ठेवून, गाडीला बांधून यायचं.

"बांधून आली तं पोरगी माहेरी आली," कमलाबाई म्हणाल्या. "पिशवीत घालून आणली तं नुसती पाटी आली."

मला आलेला फोटो त्यांच्या लेकीच्या, सोनलच्या लग्नाआधीचा होता; आत्ता पाटी तिच्याकडे सासरी होती. लग्नात डीजेच्या आवाजावरून भाऊ जावयाला चारचौघांत वाट्टेल ते बोलले होते. जावई म्हणाले, या दारात पाय ठेवणार नाही. सोनल होळीलाही आली नाही, आणि आमच्या तांड्यात होळी म्हणजे काय असते ते तुमाले काय सांगू, असं म्हणून कमलाबाईंनी पदराने डोळे पुसले. भाऊंनी मग पोरीला निरोप धाडला, 'नागपूरच्या मॅडम रविवारी पाटी न्याले येतेत, आणून दे.'

म्हणजे मी पाटी घ्यायला आले नव्हते. मला गळाला लावलं होतं! राग यायला हवा होता, पण भाकरीचा घास हातात तसाच राहिला आणि मीही जाऊन लिंबाखाली उभी राहिले.

दुपार कलताना मोटरसायकल दिसली. जावई चालवत होते, मागे सोनल. पुढे हेडलाइटवर काहीच बांधलेलं नव्हतं. पाटी तिच्या मांडीवर, पिशवीत होती.

"याडी!" म्हणत ती धावत जाऊन आईच्या गळ्यात पडली. मग वळून पिशवी बापापुढे धरली. "हे घ्या. पाटीच पायजे होती न तुमाले?"

"पाटी कायले पायजे मले? घरात पत्रा कमी हाय का?" भाऊंचा आवाज फाटला. "तुले पाहाचं होतं."

"मंग तसं सांगाचं न!"

"सांगता आलं असतं तं सांगतलंच असतं न, बाई."

जावई अजून गाडीजवळच उभे होते. भाऊ त्यांच्याकडे गेले. "जावईबापू, उन्हात काहून उभे? त्या दिवशी माह्याच तोंडाले लगाम नव्हता. चुकलो मी. चाला घरात."

जावयांनी गाडी पुन्हा स्टँडवरून काढली. मग सोनलला म्हणाले, "बस गाडीवर. अशी नाही येत माहेरी."

पण बांधायला काही नव्हतं. माझ्या बॅगेत सुतळीचा गुंडा असतो, पाट्या बांधून न्यायला. तो मी काढून दिला. दोघं वळणापर्यंत मागे गेले आणि पुन्हा आले. या वेळी पुढे 'सावरदरा तांडा' लखलखत होतं. कमलाबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. भाऊ लिंबाला टेकून उघड रडले, मीही रडले.

जेवणं झाल्यावर भाऊंनी खरंच पाटी सोडून माझ्या हातात दिली. "शब्द देल्ला होता जी." मोह झाला नाही, असं म्हणणार नाही. जड, सुबक अक्षरांची, दोन्ही बाजू शाबूत. असा नग परत मिळणार नाही. पण सोनलच्या चुलत बहिणीचं लग्न वैशाखात आहे. मी फोटो काढला आणि पाटी माझ्या हातांनी खुंटीला टांगली.

सोमवारी घरी पोचले. "हे काय, एकच? आणि कोंबडीचा वास येणारी?" नवरोबांनी विचारलं. मी सगळी हकीकत सांगितली. ते एरवी माझ्या पाटीपुराणात मध्ये मध्ये फोडणी घालतात, या वेळी शेवटपर्यंत ऐकत राहिले. नंतर बराच वेळ गॅलरीत फेऱ्या मारत होते. शेवटी वर्ध्याला फोन लावल्याचं ऐकू आलं.

"अरे, मी बोलतोय. तुझ्याकडची ड्रिल मशीन घेऊन येतोस का रविवारी? वहिनीची एक पाटी लावायची आहे."

आमची ड्रिल मशीन माळ्यावर आहे. मी रविवारी काय करायचं ते ठरवायला लागले. दिरांना पुरणपोळी आवडते.