बायकोने वाढवलेले न्यूरॉन

माझी बायको अबुधाबीतल्या एका प्रयोगशाळेत पेशींवर संशोधन करते आणि मी जबल अलीच्या एका गोदामात कंटेनर सांभाळतो. तिच्या कामातलं मला एवढंच कळलं होतं, की हल्ली माणसाच्या थोड्याशा रक्तातल्या पेशींना पार गर्भातल्यासारख्या अवस्थेत मागे नेता येतं आणि तिथून त्यांचे मेंदूतले न्यूरॉन बनवता येतात. कुणाचं डोकं उघडावं लागत नाही.

त्यासाठी त्यांना निरोगी माणसांचं रक्त हवं होतं. मी हात पुढे केला.

"निरोगी?" माझ्या पोटाकडे बघत ती म्हणाली.

पण नियमात मी बसलो. तिच्या सहकाऱ्याने रक्त घेतलं आणि नळीवर नुसता आकडा चिकटवला. कुठला आकडा कुणाचा, हे तिलाही कळणार नव्हतं.

न्यूरॉनना दिवसाआड ताजं खाद्य लागतं. शनिवार-रविवार त्यांना कळत नाही. रीम आयलंडवरच्या आमच्या घरी पाहुणे पानावर बसलेले असायचे आणि ही "यल्ला, चला, पोरांना खाऊ घालून येते" म्हणत निघायची. मी मात्र कालची आमटी गरम करून घ्यायचो.

अशात आई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आली. आमच्या मुलीने तिला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "आजी, बाबाज् ब्रेन इज ग्रोइंग इन अ डिश."

आईने मटार सोलणं थांबवलं. "आहे तो पुरत नव्हता का?"

मग प्रयोगशाळेत घरच्यांना बोलावण्याचा दिवस आला. बायकोने आम्हाला पडद्यावर तीन बशा दाखवल्या. न्यूरॉनने इशारा दिला की तो उजळेल, असं रसायन त्यांत घातलं होतं. पहिल्या दोन बशांत दिवाळी चालली होती. तिसरीत अंधार, मधूनच एखादा ठिपका उजळायचा आणि विझायचा.

"हा आमचा," तिसरीकडे बोट करून आई म्हणाली.

"आई, तसं ओळखता येत नाही," बायको म्हणाली.

"मला येतं. दहावीच्या वर्षी हा असाच बसायचा."

बायकोने समजावलं, की ते अजून कोवळे आहेत. आधी एकेकटे लुकलुकतात, मग आपसात धागे जुळले की सगळे एकदम. किती दिवसांत, असं आईने विचारल्यावर ती म्हणाली, "इन्शाल्ला, दोन-तीन आठवड्यांत."

तेव्हापासून संध्याकाळी ती दारात आली की आई विचारायची, "तिसरा काय म्हणतो?" मी कसा आहे, हे कुणी विचारत नव्हतं.

एके दिवशी बायको लवकर घरी आली आणि चप्पल न काढताच सोफ्यावर बसली. तिसऱ्या बशीत बुरशी शिरली होती. सगळं फेकावं लागलं.

आईने गॅस बंद केला. जरा विचार करून म्हणाली, "आपण सुतक धरायचं का गं?"

"आई, नखं कापल्यावर धरतो का?" बायको म्हणाली.

"नखांना कुणी सुट्टीच्या दिवशी जेवू घालत नाही."

बायको हसायला लागली आणि हसता हसता रडली. आई शेजारी बसून तिची पाठ थोपटत राहिली. मी नुकताच कामावरून आलेला, ऑफिसची बॅग धरून तिथेच उभा होतो. मेंदू बहुधा माझा गेला होता, पण माझं सांत्वन करायचं कुणाला सुचलं नाही.

त्याच पेशींचा गोठवलेला साठा होता. त्यातून बायकोने पुन्हा सुरुवात केली. आई परत गेल्यावर महिन्याभराने ते सगळे न्यूरॉन एकदम उजळले. बायकोने पुण्याला व्हिडिओ पाठवला, तर आईने तो सोसायटीभर 'माझ्या मुलाचा मेंदू' म्हणून दाखवला. बायकोने फोन करून परत बजावलं, की तो कुणाचा हे आपल्याला माहीत नाही.

"असू दे कुणाचाही," आई म्हणाली. "तू जेवलीस का ते सांग."