पूजलेले बूट

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सांगलीत, मी फुटबॉलचे अकरा जोड बूट देवापुढं मांडले. पन्नास वर्षं होत आली असतील... साल विचारू नका, मला तेव्हाही कॅलेंडर धड वाचता येत नव्हतं.

आमचे हे कॉलेजात फुटबॉलचे कोच. मिलिटरीतून हवालदार होऊन सुटले, पलटणीकडून खेळलेले, म्हणून कॉलेजनं घेतलं. कागदावर हेड कोच, पण हाताखाली कुणी नाही... ग्राउंडवर चुन्याची फक्की मारायची ह्यांनी, चेंडूत हवा भरायची ह्यांनी आणि चिखलाच्या जर्सी धुवायच्या मी.

नोकरी एकेका वर्षाच्या ऑर्डरीवर. दोन वर्षं टीम पहिल्याच मॅचला हरून परत आली. तिसऱ्या वर्षी प्रिन्सिपॉलनी सांगून टाकलं, यंदाही पहिली मॅच हरलात तर फुटबॉल बंद आणि तुम्हीपण बंद.

पोरं तासगाव, जतकडची. अनवाणी खेळायची. समोरच्यांचे बूट पायावर पडले की लंगडत बाहेर. ह्यांनी दोन वर्षं मागं लागून कॉलेजकडून बूट घ्यायला लावले. पोरांच्या घरी दिले तर ती ते घालून रानात पाणी पाजायला जातील, म्हणून पोतं आमच्याच घरी.

तर खंडेनवमी. शेतकरी नांगर पुजतो, शिंपी मशीन पुजतो. मी म्हटलं, आपल्या चुलीवर भाकरी कशामुळं पडते? बुटांमुळं. मग पुसले, तेल लावलं, हळदकुंकू वाहिलं, वर झेंडू.

सासूबाई म्हणाल्या, "खेटरं देवापुढं? अक्कल गहाण टाकलीस व्हय गं?" मी म्हटलं, आत्याबाई, तुमच्या चहात साखर ह्या खेटरांमुळंच पडते.

पहिली मॅच साताऱ्याला, चार दिवसांनी होती. पण त्याच संध्याकाळी निरोप आला, साताऱ्याचं ग्राउंड पुढं मिळणार नाही, मॅच उद्याच... आता पूजेतली हत्यारं दसऱ्याला सीमोल्लंघन होईपर्यंत कुणी हलवत नाही. सासूबाईंना तर आयतंच सापडलं. हे पलटणीत वाढलेले, तिथं दसऱ्याला बंदुका पुजतात. त्यामुळं कुणाच्या बापाला न भिणारा माणूस देवापुढं नुसता उभा.

मी म्हटलं, हत्यारं पुजून शीव ओलांडायची म्हणजेच सीमोल्लंघन ना? मग सातारा काय आपल्या वेशीच्या आत आहे? सकाळी अक्षता टाकल्या, पूजा हलवली आणि बूट पोत्यात भरले. माझं माहेर साताऱ्याचं, म्हणून भाकऱ्यांचं गठुडं घेऊन मीपण एसटीत बसले.

ग्राउंडवर पोरांनी पोतं उघडलं. एकेकानं आपापला जोड काढला, कपाळाला लावला... आणि नीट ओळीनं गवतावर मांडून ठेवला. कॅप्टन होता जतचा बिराप्पा, मेंढरांमागं अनवाणी फिरून मोठा झालेला. तो म्हणाला, "सर, पुजलंय त्येला. आता पाय कसा घालायचा?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी एका झाडाकडं बघत बसले.

त्या काळी अनवाणी खेळलं तरी कुणी हटकत नव्हतं. अर्ध्या वेळेपर्यंत एक गोल बसला, दोघांची नखं उपटली. बूट तिथंच, कुंकू लावून, नवरदेवासारखे बसलेले. मला ह्यांची पुढच्या वर्षाची ऑर्डर डोळ्यांपुढं फाटताना दिसत होती, आणि फाडणारी मीच.

मला वाटलं आता पोरांना शिव्या बसणार. हे खाली बसले. बिराप्पाचा पाय ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला, आपल्या टॉवेलनं चिखल पुसला आणि बूट चढवायला लागले. घरात पाण्याचा तांब्या कधी स्वतः उचलला नाही ह्या माणसानं.

बिराप्पा पाय ओढत म्हणाला, "सर, नगा, पाप लागंल मला."

"मग दुसरा तू घाल."

बिराप्पानं दुसरा घातला. बाकीच्यांनी तर सर आपल्यापर्यंत पोचायच्या आत दोन्ही चढवले. एकाचे डावे-उजवे उलटे गेले होते, तो ते तसेच घालून पळाला.

नंतर गोल फिटला. एक-एक. तेव्हा अशा वेळी नाणं उडवायचे... नाणं सातारकरांच्या बाजूनं पडलं.

एसटी स्टँडवर पोरांनी आपट्याची पानं आणली. ह्यांच्या हातात सोनं दिलं आणि पाया पडायला वाकली. हे मागं सरले. म्हणाले, "पाया पडू नका रं. बूट घालत जावा, तेवढं बास."

प्रिन्सिपॉलनी दोन दिवस विचार केला आणि म्हणाले, नाण्यावर हरला म्हणजे टीम हरली नाही. ऑर्डर मिळाली. तशा एकेका वर्षाच्या ऑर्डरीवर ह्यांनी पुढं बावीस वर्षं काढली. त्या दिवसाची चूक माझी होती हे त्यांनी कॉलेजात कुणाला सांगितलं नाही, घरीपण कधी काढलं नाही. मी असते तर रोज काढलं असतं.

मी शिकले ते एवढंच, की एखाद्या गोष्टीची फार पूजा केली की माणसं ती वापरायची सोडतात. पुढच्या खंडेनवमीला सासूबाई खवचटपणे म्हणाल्या, यंदा चेंडू पूज. म्हटलं, नको, त्यालापण लाथच मारायची असते.

तेव्हापासून ह्यांची शिट्टी पुजते. ती तोंडात धरायची, कुणाची अडचण नाही. हे जाऊन आता बरीच वर्षं झाली... यंदापण पुजली.