वासुभाऊंच्या मागे चालताना

सुमनवहिनींचा फोन आला तेव्हा मी प्लांटमध्ये ड्युटीवर होतो. "भाऊजी, हे उठूनच नाही राहिले..." दुपारी जेवून आडवे झालेले वासुभाऊ उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. याला काही आठवडे झाले, पण एक भीती माझी पाठ सोडत नाही. त्यांना घरात बसवून मीच तर मारलं नाही ना?

सेक्टर दहामध्ये खाली त्यांचं क्वार्टर, वर आमचं. काचबिंदूने नजर जात चालली, तसे ते घाईघाईने एक यंत्र जोडत गेले. एक रिसीव्हर छतावर, त्याचा अँटेना विटेला पक्का बांधलेला; दुसरा डोक्यावरच्या टोपीत. दोन्ही उपग्रहांचे संकेत घेत, आणि छतावरच्याच्या आधाराने टोपीतल्याला आपली जागा बोटाच्या पेरापर्यंत कळे. चौकापर्यंतची वाट त्यांनी आधीच चालून नोंदवून ठेवली होती. पाऊल डावीकडे चुकलं की डाव्या खांद्यावरची पट्टी थरथरायची, उजवीकडे चुकलं की उजव्या. काठी त्यांनी खुंटीला टांगली.

सकाळी ते निघाले की मी गुपचूप मागे. रस्त्याच्या कडेला उघडी नाली, दुसरीकडे स्कूटर.

"चप्पल बदल बे," एकदा ते मागे न वळताच म्हणाले. "चोरावानी मागं मागं येतं, अन् फटफट वाजवतं!"

मग कुरड्यांचे दिवस आले. आमच्या हिच्या साड्या छतावर मावेनात, म्हणून मी तो अँटेना विटेसकट नालीच्या बाजूला सरकवला. हातभरच. पुन्हा जागेवर ठेवायचं ध्यानात राहिलं नाही...

दुसऱ्या सकाळी वासुभाऊ नालीच्या काठाकाठाने चालू लागले. खांदे शांत. मला दिसत होतं, ओरडायचं होतं, पण मी मागे नुसता चालत राहिलो. त्यांचा पाय घसरला तेव्हा कुठे मी धावलो.

गुडघा फुटला होता. ते मात्र विचारत होते, "छतावर कोण गेलतं?"

"मी. कुरड्यांसाठी."

"मंग मशीन बरोबर हाय! तू जेवढा सरकवला तेवढाच मी सरकलो." आणि ते त्या नालीकाठी बसून हसले. मला हसू आलं नाही. मी त्यांचे पाय धरले. "भाऊ, आता एकटं निघायचं नाही." ते म्हणाले, "बरं बाबा. तुया जिवाले घोर नको." त्यानंतर मी पाहावं तेव्हा ते व्हरांड्यात बसलेले असायचे.

तेराव्यानंतर अँटेना उतरवायला मी छतावर गेलो. तो जुन्या जागी होता आणि विटेभोवती पांढऱ्या ऑइलपेंटचा गोल काढलेला होता. वेडावाकडा, हाताने चाचपत ओढलेला. मागोमाग वर आलेल्या वहिनींना मी विचारलं.

"त्यायनंच काढला, मी डबा धरला होता. म्हणे, आता कोणी हलवलं तरी तुले दिसंल. भाऊजी, तुमच्यासमोर बसून राहायचे. तुम्ही ड्युटीले गेले का टोपी घालून निघायचे. रोज. त्या दिवशीबी चौकातून जाऊन आले, मंगच जेवले."

माझ्या छातीवरचा दगड उतरायला हवा होता. पण डोळ्यांसमोर भर उन्हातला तो रस्ता आला, ती नाली, ती रहदारी.

"मागं कोण असायचं?" मी विचारलं.

"कोणीच नाही."

अँटेना मी उतरवला नाही. त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता, आणि मला कठड्यावरून खाली रस्त्याकडे बघवेना.