तवा त चांगली होती

मारेगावात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं ब्युटी पार्लर आहे. त्या उन्हाळ्यात मी एकाच तिथीला तीन गावांतल्या नवऱ्या सजवायला घेतल्या होत्या. स्कुटीवरून नुसती पळत होते. मधल्या वेळात पार्लरच्या भिंतींना स्वतःच गुलाबी रंग दिला, मुलींसाठी क्लास काढते म्हणून जाहिराती चिकटवल्या, वरची रिकामी खोलीही भाड्याने घेऊन टाकली. झोप लागत नव्हती आणि तिची गरजही वाटत नव्हती. एक वाक्य संपायच्या आत दुसरं तोंडात यायचं. आई शेजारणींना कौतुकानं सांगायची, "माही पोरगी दोन मानसाइतकं काम करते."

पेरण्या सुरू झाल्या तेव्हा मी अंथरुणात होते. शटरची किल्ली हातात घ्यायचे आणि परत खिळ्याला अडकवायचे. दुसऱ्यांचे केस करणारी मी, माझ्याच केसांच्या जटा झाल्या होत्या. वहिनी तेल लावून एकेक गुंता सोडवत बसायची. अशीच एकदा ती म्हणाली,

"ताई, रागावू नका. मी या घरात आली तवापासून पाहून राह्यली. तुमची आधी झोप उडते, मंग बोलनं वाढते, मंग तुमी अशा पडता. दर खेपेले असंच होते."

पडते तेव्हा आजारी असते, हे मलाही कळत होतं. पण त्याआधीची? तीच तर मी खरी, असं मला वाटायचं. वहिनीच्या बोलण्यानं मी हादरले. फोनवर शोधलं, एका डॉक्टरांचा मराठी व्हिडिओ सापडला. त्यात बायपोलर हा शब्द होता, आणि लक्षणं ऐकताना कुणी माझंच वागणं सांगतंय असं वाटलं. तरी फोनवर ऐकून स्वतःला आजार चिकटवून घ्यायचा नव्हता. जाणत्या डॉक्टरकडून तपासून घ्यायचं होतं.

घरात सांगितलं. आई म्हणाली, बाहेरची बाधा असेल, आधी ती पाहून घेऊ. बाबांच्या मते लग्न झालं की सगळं ठीक होणार होतं. माझ्यासाठी स्थळं आणणारे काका म्हणाले, "जायचंच असन त नागपूरले जा. तिथं आपल्याले कोनी वयखत नाई. आन नाव दुसरं सांगजो."

"काहून?"

"उद्या कोनी पाव्हन्याच्या कानावर घातलं त?"

"म्या कोनाचं काई चोरलं नाई, काका. यवतमाळलेच जाईन, आन माह्यंच नाव सांगीन."

इतके दिवस तोंडातून शब्द फुटत नव्हता, पण हे बोलायला जोर लागला नाही.

वहिनीला घेऊन एसटीनं गेले. मानसोपचार तज्ज्ञांच्या दवाखान्यात बाकावर आमच्याच भागातले एक गृहस्थ बसले होते. काउंटरवरच्या मुलीनं नाव विचारलं तेव्हा मी त्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. गावाचं नावही सांगितलं.

डॉक्टर मॅडम आईच्या वयाच्या. मी उदासीचं सगळं सांगितलं आणि त्या लिहू लागल्या.

"थांबा मॅडम," मी म्हटलं, "हे अर्धंच झालं."

मग उन्हाळ्याचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवून ऐकलं. झोप, राग, खर्च, सगळं विचारलं. मरावंसं वाटलं का, हेही विचारलं. मी हो म्हटलं. वहिनीला हे माहीत नव्हतं. तिनं माझा हात धरला तो बाहेर येईपर्यंत सोडला नाही. तसा विचार पुन्हा आला तर एकटं राहायचं नाही, लगेच फोन करायचा, असं मॅडमनी आम्हा दोघींकडून कबूल करून घेतलं. त्या दिवशी त्यांनी आजाराचं नाव सांगितलं नाही. रक्त आणि थायरॉईड तपासायला लावलं. "नुसत्या उदासीच्या गोळ्या कधी कधी उलट्या पडतात, म्हणून मी घाई करत नाही," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी लहानपणापासून पाहणारं कुणी घेऊन या."

आई आली. तोंडावर पदर घेऊन, पण आली.

"आजारी आता हाये मॅडम," ती म्हणाली. "तवा त चांगली होती."

"चांगली म्हणजे कशी?"

आई अभिमानानं सांगायला लागली. किती काम करायची, किती हसायची. मग तिचा आवाज हळू झाला. "झोपतच नोती. भरल्या ताटावरून उठे. बापाले नाई नाई ते बोलली. त्याच्यासमोर कोनी कधी बोललं नाई आमच्या घरात." तिनं मॅडमकडे पाहिलं. "मॅडम, तवाबी आजारीच होती का हे पोरगी?"

बायपोलर डिसऑर्डरच दिसतोय, असं मॅडमनी तेव्हा सांगितलं. मला हलकं वाटलं आणि रागही आला. ज्या दिवसांचं घरादारानं कौतुक केलं, ते माझ्या आजारपणाचे दिवस होते.

गोळ्यांनी झोप परतली, पण हात कापायला लागले. थ्रेडिंगचा दोरा भुवईवर थरथरे. काका म्हणाले, बंद कर त्या गोळ्या. मी बंद केल्या नाहीत. यवतमाळ गाठलं आणि मॅडमना म्हटलं, "गोळ्या सोडणार नाही. पण हे हात मला लागतात. त्यांच्यावर माझं पोट आहे." त्यांनी पुन्हा रक्त तपासलं, औषधाचं प्रमाण बदललं. एकदा नाही, दोनदा बदलावं लागलं. आता आयलायनर सरळ जातं.

दिवाळीनंतर काकांनी राळेगावकडचं स्थळ आणलं. मुलाच्या आईनं विचारलं, "तब्येत बरी राह्यते ना?" काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी आजाराचं नाव सांगितलं, औषध रोज घेते हेही सांगितलं. पाहुण्यांनी चहा संपवला, पोहे तसेच ठेवले आणि निघून गेले. निरोप आला नाही.

बाबा ओसरीवर येऊन बसले. म्हणाले, "बरं केलं सांगतलं. लपवून देल्ली असती त तुले तिथं लपूनच गोळ्या खा लागल्या असत्या."

काका अजून माझ्याशी बोलत नाहीत. बोलले तर बरं, नाही तर राहिलं.