प्रतिस्पर्धिनीसाठी प्रार्थना

दहिवलीच्या आमच्या चर्चच्या भगिनी मंडळात दर शनिवारी स्टीलचा एक डबा फिरतो. नाव आणि विनंती लिहिलेली आपली चिठ्ठी त्यात टाकायची, दुसरीची उचलायची आणि आठवडाभर तिच्यासाठी प्रार्थना करायची. त्या शनिवारी माझ्या हाती आली ती माझ्या एम.एस्सी.च्या वर्गमैत्रिणीची चिठ्ठी. विनंती एका ओळीची होती: ‘गुरुवारच्या मुलाखतीत भीती वाटू नये.’

गुरुवारी मुलाखत माझीही होती. खालापूरजवळची पाणी तपासणारी तीच प्रयोगशाळा, आणि जागा एकच. तिचे गुण माझ्यापेक्षा किती अधिक, हे मला सत्रवार पाठ होते.

मी डोळे मिटून म्हटले, “प्रभू, तिच्या बाबतीत तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.” वाक्य निर्दोष होते आणि माझ्या सोयीचेही.

शेजारी भिवपुरीहून येणाऱ्या मावशी बसल्या होत्या. “देवाला अर्ज देतेस काय गं? तिला काय पायजे ते बोल!”

“मला ठाऊक नाही, मावशी.”

“मग विचार की. जीभ हाय ना?”

आक्षेप बिनतोड होता. जिच्याशी मी इतकी वर्षे स्वतःची तुलना करत आले, तिच्याविषयी माझ्याकडे केवळ आकडे होते. हेव्याला तेवढी माहिती पुरत होती; प्रार्थनेला अपुरी पडत होती. इतके गुण मिळवणाऱ्या मुलीला भीती वाटते ती नेमकी कशाची? सोमवारी मी तिच्या घरी गेले.

“समोरचा लिहायला लागला की माझं बोलणंच बंद पडतं,” ती म्हणाली. “तुझं बरं आहे गं. तोंडी परीक्षेतून हसत बाहेर आली होतीस.”

“हसत? घामाने ड्रेस पाठीला चिकटला होता माझा!”

मी वही घेऊन तिच्यासमोर बसले, प्रश्न विचारले आणि मुद्दाम सतत लिहीत राहिले. ती दोनदा अडखळली. तिसऱ्यांदा तिने वही हिसकावली. पानभर वांग्याच्या भाजीची कृती होती.

“मीठ राहिलंय,” ती म्हणाली, आणि त्यानंतर अस्खलित बोलू लागली.

मग तिने एक उत्तर चुकवले: नळाच्या पाण्यातला क्लोरीन ती प्रयोगशाळेत नेऊन मोजणार होती. मी गप्प राहू शकले असते. पण देवाजवळ तिच्यासाठी मागायचे आणि तिच्यापासून लपवायचे, या दोन गोष्टी मला एकत्र मांडता येईनात.

“थांब. तो वाटेतच कमी होतो. जागेवरच मोजायचा.”

पद तिला मिळाले. तो प्रश्न आला होता, हे तिनेच सांगितले. मी रडले. रडतारडता, नेहमीप्रमाणे, मी तिच्यापेक्षा किती कमी आहे याचा हिशोब मांडायला बसले, पण तो पुढे सरकेना. ज्या देवापुढे मी आठवडाभर दोघींविषयी बोलले होते, त्याने माझे पूर्ण ऐकून घेतले होते. तिचे गुण एकदाही विचारले नव्हते.

पुढल्या महिन्यात कर्जतमधल्या दुसऱ्या जागेसाठी अर्ज केला. आणखी कोणी अर्ज केला आहे, याची चौकशी करायची राहून गेली, हे तो पाठवल्यावर माझ्या लक्षात आले.