जेवणाआधीची कॉफी

माझे सासरे ओब्रेन, त्यांचं दुकान मोरावा नदीच्या काठी बाजारात होतं. सुके आलुबुखार, मीठ, कातडी, काय म्हणाल ते मिळायचं. तुर्कांशी लढाई लागली तेव्हा दुकान सासूबाईंच्या हवाली करून हा माणूस स्वतःच्या घोड्यावरून गेला आणि परत आला तो चालत, तेही लंगडत. येताना जखमी गव्रिलोला पाठीवर घालून आणलं. हाच गव्रिलो पुढे आमचा नगराध्यक्ष झाला आणि खुर्चीत बसल्याबरोबर ती पाठ विसरला.

मामंजींना नदीवर पूल हवा होता. लोक तराफ्यानं ये-जा करायचे, आणि एकदा बाजाराच्या दिवशी तो उलटून बायकापोरं बुडाली. तराफ्याचा ठेका गव्रिलोच्या मेहुण्याकडे! पुलाचं नाव काढलं की गव्रिलोला खोकला यायचा. शेवटी मामंजी स्वतःच निवडणुकीला उभे राहिले. गाव त्यांच्या बाजूनं होतं, हे शेंबडं पोरही सांगत होतं.

मग गव्रिलोनं मतदान ठेवलं कधी, तर संत लूकाच्या दिवशी. आमच्याकडे प्रत्येक घराचा एक संत असतो, त्याच्या दिवशी घरी सण; आणि गावात हा संत फक्त आमच्या घरचा. त्या दिवशी यजमान उंबरा ओलांडत नाही, खाली बसत नाही, उभ्यानं पाहुण्यांना वाढतो. पाहुण्याला बोलवायचं नसतं आणि आलेल्याला जा म्हणायचं नसतं. मामंजींना मत देणारे ते सगळे आमचेच पाहुणे. ते जेवत-पीत बसणार आणि तिकडे मतदान आटोपणार. मला तर त्या मेल्याच्या झिंज्या उपटाव्याशा वाटत होत्या.

यंदा दार लावून घेऊ, संत रागावणार नाही, असं सासूबाई म्हणाल्या. मामंजी मिशा विंचरत होते.

"संत नाही गं रागावणार. पण दार लावून निवडून आलो, तर उद्या ह्या दारात येईल कोण?"

सकाळीच घर भरलं. लोकांनी प्रसादाचे गहू चमचाभर तोंडात टाकले, पेले हातात घेतले आणि पाय पसरले. झालं, बुडालो आपण, असं मी मनात म्हटलं. तेवढ्यात मामंजी चुलीपाशी आले.

"सूनबाई, कॉफी ठेव."

मी बघतच राहिले. आमच्याकडे कॉफी येते सगळ्यात शेवटी. ती आली की पाहुण्यानं समजून उठायचं. इथे तर डुक्कर अजून निखाऱ्यावर होतं. लोक म्हणतील हाकललं, असं मी म्हणाले.

"मी कुणाला काही बोलणार नाहीये. तू ठेव."

कॉफी समोर आली तसे लोक एकमेकांकडे बघू लागले. मामंजी टोपी काढून ताठ उभे, तोंडातून अक्षर नाही. खोगिरं शिवणाऱ्या म्हाताऱ्या ल्युबिसावच्या डोक्यात आधी प्रकाश पडला. त्यानं जीभ भाजत कप रिकामा केला आणि उठला. अजून मांस शिजायचं दिसतंय, तोवर नगरपालिकेपर्यंत पाय मोकळे करून येतो, म्हणाला. सगळे हसत त्याच्यामागे निघाले. तेव्हा मत तोंडी द्यायचं. ओब्रेन, ओब्रेन, हे आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येत होतं.

परत आले ते भुकेनं कावलेले. माझा आनंद पोटात मावेना.

दिवस कलताना हरलेला गव्रिलो दारात उभा राहिला. लढाईपासून त्यानं आमच्याकडचा हा दिवस कधी चुकवला नव्हता. मामंजींनी पेला भरून हातात दिला, समोर उभं राहून वाढलं. तो मान खाली घालून जेवू लागला. मला काही ते बघवेना. पहिल्याच घासाला मी कॉफी नेऊन त्याच्यापुढे धरली. मामंजींनी माझ्या हातातला कप काढून घेतला.

"ह्याला नाही. ह्याला एवढ्या लांबून पाठीवर आणला, तो काय परत पाठवायला?"

गव्रिलोचा घास हातातच राहिला. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

पूल पुढच्याच वर्षी झाला. मेहुण्याचा तराफा मोडून त्याची लाकडं गव्रिलोनं स्वतःच्या पाठीवरून तिथं आणली. आता मामंजी नाहीत. गव्रिलो काठी टेकत लूकाच्या दिवशी अजून येतो, आणि मी त्याच्यापुढे कॉफी ठेवत नाही.