तळहाताएवढ्या स्क्रीनवरचं वर्ष

जिंतूरच्या स्टँडवर दादा खिडकीशी उभे होते आणि एसटी हलेपर्यंत एकच गोष्ट सांगत होते. "एकाच्या पगारात पुण्यात निभत नसतंय. सूनबाईला काम करायचंय म्हणती, करू दे. वर्षभर बघा. नाही जमलं तं ती अन् पोरगी इकडं येतील, तू सणावारी येत जा." दादा म्हणजे माझे वडील, ते असेच, मायासुद्धा वकिलाच्या नोटिशीसारखी करतात. आईनं शेंगदाण्याच्या चटणीचा डबा खिडकीतून अर्चनाच्या मांडीवर ठेवला आणि मनूच्या गालावरून हात फिरवला. गाडी निघाली. बोरीपर्यंत अर्चना रडत होती, मग डोळे पुसून म्हणाली, "अहो, मी काही मनूला घेऊन परत यायची नाही, सांगून ठेवते."

गावाकडं अजूनही तुम्ही विचारता, की सूनबाई त्या मोबाईलवर नेमकं करायची काय? आणि माझ्यासारखे जे गाव सोडून आले, ते विचारतात, जमवलंत कसं? म्हणून हे लिहितो आहे. आपल्याच बायकोचं कौतुक लिहायला बसलोय म्हणून हसाल, तर हसा.

मला नारायण पेठेत एका औषधांच्या दुकानात काम मिळालं होतं आणि राहायला कात्रजला एक खोली. पेठेतल्या गिऱ्हाइकांनी मला पुणेरी शिकवलं. गोळ्या उद्या येतील म्हणालो, तर एक आजोबा शांतपणे म्हणाले, "म्हणजे ताप उद्यापर्यंत थोपवून धरू म्हणता?" मी घरी येऊन हे सांगायचो आणि अर्चना पोट धरून हसायची. आमची तेवढीच करमणूक होती.

अर्चना परभणीच्या कॉलेजात कॉम्प्युटर घेऊन बीएस्सी झालेली. पण मधे लग्न, मनू, गावातली वर्षं. तेव्हा शिकलेलं जुनं झालं होतं. सगळं नव्यानं शिकायचं, तर लॅपटॉप हवा, आणि भाडं भरून झालं की तो विषय आम्ही काढायचोच नाही. एके दिवशी मी दुकानातून आलो तर बाई ओट्याला टेकून मोबाईलवर बोटं चालवत होती. मला वाटलं, बहिणीशी गप्पा चालल्यात. बघतो तर वेबसाइटचा कोड! म्हणाली, "लॅपटॉप येईल तेव्हा येईल. तोवर हा आहे ना."

म्हटलं तर सोपं वाटतं. पण मोबाईलचा कीबोर्ड उघडला की अर्धा स्क्रीन तोच खातो. उरलेल्या अर्ध्यात कोडच्या जेमतेम पाच-सात ओळी दिसतात. ब्रॅकेट हवा असेल तर कीबोर्डचं दुसरं पान उघडा, मग परत पहिल्यावर या. शहाणा मोबाईल ओळीचं पहिलं अक्षर स्वतःहून मोठं करतो, आणि तेवढ्यासाठी अख्खा प्रोग्रॅम अडून बसतो. तापला की ती तो ओट्याच्या गार कडप्प्यावर ठेवायची आणि तेवढ्यात कणीक मळून घ्यायची. सगळ्यात मोठं संकट म्हणजे आमच्या आईचा फोन. फोन आला की कोडचं अ‍ॅप बंद पडायचं आणि सेव्ह न केलेलं सगळं गुल. पण आईला कधी तिनं सांगितलं नाही की आत्ता फोन करू नका. चारला आईचा चहा होतो आणि मग ती फोन करते, हे अर्चनाला ठाऊक. चार वाजायला आले की ती सगळं सेव्ह करून, मोबाईल समोर ठेवून, सासूबाईंची वाट बघत बसायची. मला त्या गोष्टीचं आजही भारी कौतुक वाटतं.

आणि त्या पाच-सात ओळींतून तिनं स्वतःची एक रीत काढली. स्क्रीनवर मावेल एवढाच तुकडा लिहायचा, त्याला नाव द्यायचं, तो चालतो का बघायचं, मगच पुढचा. बाकीचं सगळं डोक्यात. मनूला भरवताना मधेच थांबून "हां, तिथं चुकलंय" म्हणायची आणि मनू बिचारी तोंड उघडं ठेवून बघत बसायची.

संक्रांतीला आई राहायला आली. दोन दिवस तिनं सहन केलं, तिसऱ्या दिवशी बोललीच. "अगं, दिवसभर मोबाईलच बघायलीस की तू!" अर्चना म्हणाली, "आई, काम शिकायले." "मोबाईलवर कसलं काम?" आईचा प्रश्न खरा होता. आपल्याकडं लॅपटॉप उघडून सिनेमा बघणारा कामात असतो आणि मोबाईल घेतलेली सून रिकामटेकडी असते. अर्चनानं तिला शेजारी बसवून दाखवलं, इथं हे लिहिलं की तिथं बटण हिरवं होतं. आई म्हणाली, "छान हाय हिरवं." गावी गेल्यावर दादांनी विचारलं, सूनबाई काय करती? आई खोटं बोलत नाही. "मोबाईलवर असती," म्हणाली. दुसऱ्याच दिवशी दादांचा मला फोन. "वर्ष भरत आलंय, ध्यानात हाय ना?" मनूशिवाय ही खोली कशी लागेल, याचा विचारसुद्धा मला करवत नव्हता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत हिंजवडीच्या एका छोट्या कंपनीतून, जिथं तिनं अर्ज केला होता, इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. मी रजा घेतली आणि मनूला कडेवर घेऊन गेटबाहेर थांबलो. आत काय झालं ते तिनं परतताना बसमध्ये सांगितलं. तिच्यापुढं लॅपटॉप ठेवून प्रोग्रॅम लिहायला सांगितला. तिनं सवयीनं स्क्रीनवर बोट ठेवलं आणि वर सरकवलं. काही हललं नाही. पुन्हा सरकवलं. समोरच्या मॅडम पुण्याच्याच असणार. म्हणाल्या, "अहो, ती काच आहे. फक्त बघायची." अर्चना घामाघूम झाली. कीबोर्डवर एकेक अक्षर शोधू लागली, अंगठ्यांना तिथं कामच नाही. शेवटी तिनं हात मागे घेतले आणि सरळ सांगितलं, मी सगळं मोबाईलवर शिकलेय, मोबाईलवर लिहून दाखवलं तर चालेल का?

मॅडम म्हणाल्या, "चालेल. आम्हाला प्रोग्रॅम हवाय, टायपिंगची परीक्षा नाही." मग अर्चनाचे अंगठे सुटले. झाल्यावर मॅडमनी विचारलं, एवढे लहान लहान तुकडे का केलेत? ती म्हणाली, "एका वेळी एवढंच दिसतं म्हणून." मॅडमनी सगळं नीट वाचलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे." अर्चना बसमध्ये रडवेली, गेलं म्हणून. मी फार वर्षं नाही, पण वर्षभर पेठेत काढलंय. मी म्हटलं, "वेडे, पुण्यात 'ठीक आहे' म्हणजे आपल्याकडचं 'लय भारी'!" खरं तर माझाच माझ्या बोलण्यावर विश्वास नव्हता.

नोकरी मिळाल्याचा मेल आला तेव्हा मी दादांना फोन लावला. दादांनी विचारलं, "मोबाईलवरच केलं का समदं?" मी हो म्हटलं. "हुशार हाय लेक आपली," म्हणाले. आजवर कधी ते तिला लेक म्हणाले नव्हते. पुढं म्हणाले, "मग आता मनूचं नाव तिकडंच शाळेत घाला. इथल्या मास्तरला मी सांगून ठेवलं होतं, त्याला नको म्हणतो."

मी फोन ठेवला. एवढं वर्ष आम्ही याच वाक्यासाठी झटलो होतो, आणि ते ऐकून मला इतकं वाईट का वाटावं? दादांनी मनूसाठी जागा धरून ठेवली होती. ती आता त्यांनी सोडली. अर्चनाला सांगितलं, तर ती भिंतीला टेकून बसली. म्हणाली, "म्हणजे आता आपण गावाला पाहुणे म्हणून जायचं."

मनू आमच्या दोघांच्या मधे येऊन बसली. चार वाजले, मोबाईल वाजला. अर्चनानं डोळे पुसले, फोन उचलला आणि म्हणाली, "बोला आई, घरीच हाय मी."